तिसरा कॉलर माइक घेतला, तरी आवाज लांबूनच

ओळखीतल्या कुणी व्हिडिओ करायला घेतले की काही दिवसांत मला एक क्लिप येते आणि तिच्यासोबत ठरलेला प्रश्न: "चांगला कॉलर माइक सांग ना, हा बेकार निघाला." क्लिप ऐकतो. भिंतींवरून परतून आलेला, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा आवाज. चित्रात मात्र माइक शर्टावर दिमाखात बसलेला. बऱ्याचदा निदान एकच निघतं. माइक बेकार नाही, माइक चालूच नाही. बोलणं टिपलंय ते दोन मीटरवर उभ्या केलेल्या फोनच्या पोटातल्या माइकनं.

हसायची सोय नाही, कारण मीही यातून गेलोय. पहिल्या माइकला नावं ठेवून दुसरा घेतला, दुसराही तसाच वाटला म्हणून तिसरा. मग एका जाणत्यानं सांगितलं, "जाळीवर नखानं खरवड आणि रेकॉर्डिंग ऐक." खरवडलं, ऐकलं, काहीच नव्हतं. फोनच्या खालच्या बारीक भोकाशी खरवडलं तर कान किटतील अशी खरखर. दोन माइक त्या दिवशी निर्दोष सुटले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. नवा माइक कोणता, हा प्रश्न शेवटचा. आधी जुन्याचं नेमकं दुखणं काय ते शोधायचं. दुखणी पाच-सहाच असतात, आणि त्यातली जेमतेम एक-दोन माइक बदलून बरी होतात.

आवाज लांबून येतो

नखाची परीक्षा अशी घ्या. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माइकच्या जाळीवर नख हलकेच दोनदा फिरवा, मग फोनच्या किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर फिरवा. थांबवा आणि हेडफोन लावून ऐका. ज्या खरवडीचा आवाज मोठा, तो माइक चालू. फुंकर मारू नका. फुंकर हवेतून सगळीकडे पोचते, त्यामुळे निदान होत नाही, आणि कॅप्सूलमध्ये, म्हणजे माइकच्या आवाज टिपणाऱ्या भागात, ओलावा जातो तो वेगळाच.

फोनचाच माइक चालू निघाला, तर पहिला संशय पिनेवर. ३.५ मिलिमीटरची पिन दिसायला सगळीकडे सारखी, पण तिच्यावरच्या काळ्या रिंगा मोजा. दोन रिंगा म्हणजे पिनेचे तीन भाग, तिला टीआरएस म्हणतात. तीन रिंगा म्हणजे चार भाग, ती टीआरआरएस. हल्लीच्या बहुतेक फोनच्या खाचेत टोकाला डावा कान, मग उजवा कान, मग ग्राउंड (सगळ्यांची परतीची समाईक तार) आणि अगदी बुडाशी माइक अशी मांडणी असते. कॅमेऱ्याच्या माइक-खाचेत टोकाला डावा चॅनल, मध्ये उजवा आणि बुडाशी ग्राउंड. आता कॅमेऱ्यासाठीची दोन रिंगांची पिन फोनमध्ये घातली की फोन बुडाशी माइक शोधायला जातो आणि त्याला तिथं ग्राउंड सापडतं. तो समजतो, नुसता हेडफोन लावलाय, माइक नाही. मग निमूटपणे स्वतःचा माइक वापरत राहतो. ना सूचना, ना लाल अक्षरं. ही चूक पुन्हापुन्हा होते ती याच गप्प बसण्यामुळे. माझ्या तिन्ही माइकांच्या पिना दोन रिंगांच्या होत्या. दर वेळी मी तीच चूक नव्यानं विकत घेत होतो.

उलटंही घडतं. फोनसाठीची तीन रिंगांची पिन कॅमेऱ्यात घातली की बहुतेक वेळा शांतता किंवा नुसती घुंईं ऐकू येते. दोन्हींवर उपाय म्हणजे छोटा अडॅप्टर, पण त्याला दिशा असते. रोड या माइक बनवणाऱ्या कंपनीचा एससी४ हा टीआरएस माइक टीआरआरएस खाचेत लावण्यासाठी आहे आणि एससी३ बरोबर त्याच्या उलट. दोन्ही बोटभर, दोन्हींच्या नावात एका आकड्याचा फरक. घाईत उलटा उचलला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फोनला गोल खाचच नसेल तर गोष्ट अजून एक पायरी लांबते. आयफोननं ती २०१६ मध्ये आयफोन ७ पासून काढली, मग बाकीच्यांनीही हळूहळू काढली. यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर असे जोड मिळतात, त्यांतले काही फक्त ऐकण्यासाठी असतात. माइकची बाजू त्यांत नसतेच. काही नुसते तारा पुढे जोडतात, आवाजाचं डिजिटल रूपांतर करणारी चिप त्यांच्यात नसते, आणि प्रत्येक फोन असा जोड ओळखत नाही. वर्णनात माइक इनपुटचा स्पष्ट उल्लेख असेल तोच घ्या. फोनवरच काम करायचं असेल, तर सरळ यूएसबी-सी पिनेचा कॉलर माइक किंवा यूएसबी-सी रिसीव्हर असलेला वायरलेस संच घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. चिप आत असते, रिंगा मोजायचा जाच संपतो.

पिन बरोबर असूनही फोनचाच माइक चालू राहिला तर ॲपकडे बघा. फोननं बाहेरचा माइक ओळखला म्हणून कॅमेऱ्याचं ॲप तो वापरेलच असं नाही. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा या ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत म्हणून बाहेरचा माइक निवडता येतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप आवाजाच्या पट्ट्या दाखवतं. पट्ट्या दिसणारं कोणतंही ॲप चालेल. नख फिरवलं की पट्टी उडाली पाहिजे. मी प्रत्येक शूटच्या आधी हे करतो, पाच सेकंद लागतात.

इथंच ब्लूटूथचंही सांगून टाकतो. कानातले इअरबड कॉलरला अडकवून माइक म्हणून वापरायची युक्ती अधूनमधून कुणीतरी सुचवतं. इअरबडचा माइक चालू झाला की ब्लूटूथ साधारणपणे फोन कॉलच्या पद्धतीवर जातं. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारितमध्ये १६,०००. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ४,००० किंवा फार तर ८,००० हर्ट्झ. 'स', 'श', 'फ' यांची धार त्याच्या आसपास आणि वर असते. ती गेली की माणूस फोनवरून बोलतोय असंच वाटतं. तो नाद सोडा.

आता समजा नखाच्या परीक्षेत माइक पास झाला, तरीही आवाज पोकळ. मग प्रश्न अंतराचा. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, पण भिंतींवरून घुमून येणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणून माइक शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणावर गेला की खोली ऐकू यायला लागते. हनुवटीखाली एक वीतभर, छातीच्या मधोमध, ही जागा बहुतेकांना मानवते. फार वर, अगदी गळ्याशी लावला तर हनुवटीच्या आडोशात आवाज दबतो आणि मान वळवली की बदलतो. कडक फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत मात्र कोणताही कॉलर माइक फार तर अर्धं काम करेल. जाड पडदा, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, जे हाताशी असेल ते आवाजाच्या वाटेत आणा.

छातीवरच्या माइकची एक जन्मजात खोड आहे, ती माहीत असली की निम्मी निराशा टळते. तिथं ८०० हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो आणि ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, कारण शब्दांची स्पष्टता तोंडातून समोर फेकली जाते, खाली नाही. म्हणून चांगला माइकही कच्चा ऐकला की थोडा दबका वाटतो. एडिटिंगमध्ये ८०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, ३,५०० च्या आसपास तेवढेच वाढवा. काहींनी या दबकेपणासाठी माइक बदललेत. नवा माइकही छातीवरच लावला, त्यामुळे तोही दबकाच निघाला.

सळसळ आणि धपधप

सगळ्यात चिवट दुखणं हेच, कारण ते शूटच्या वेळी लक्षात येत नाही आणि नंतर काढता येत नाही. शब्दांवर चढलेली कापडाची सळसळ कोणतंही सॉफ्टवेअर पूर्ण धुऊन काढत नाही.

ती दोन वाटांनी येते. एक, कापड थेट कॅप्सूलला घासतं. दोन, वायरला धक्का बसतो आणि तो धक्का वायरीतून वर माइकपर्यंत चढतो. कोणती वाट ते ओळखायला माणसाला गप्प उभं करा, हेडफोन लावा आणि माइकच्या खाली चार बोटांवर वायरीला टिचकी मारा. धप्प ऐकू आलं तर दोष वायरीचा. क्लिपच्या मागं वायरीचा एक सैल वेढा करून तो क्लिपमध्ये किंवा टेपखाली अडकवा आणि त्याखाली थोडी ढील सोडा. ओढ वेढ्यावर थांबते, माइकपर्यंत जात नाही. टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांच्या कोटावर हा वेढा दिसतो. शोभेचा वाटतो, पण असतो याच कामासाठी.

कापडाची सळसळ असेल तर नियम साधा. माइक आणि कापड यांच्यात हालचाल उरता कामा नये. बाहेरून लावला असेल तर क्लिप घट्ट धरते ना ते बघा, आणि गळ्यातली साखळी, लांब केस, जॅकेटची चेन त्याला शिवत नाही ना तेही. शर्टाच्या आत लपवायचा असेल तर कापडी वैद्यकीय टेपची पट्टी त्रिकोणी घडी घालत जा, चिकट बाजू बाहेर ठेवून. असे दोन त्रिकोण करून माइक त्यांच्यामध्ये बसवा, जाळीचं तोंड मोकळं ठेवा. आता एक चिकट बाजू आतल्या कपड्याला, दुसरी बाहेरच्या. कपडे, माइक, सगळं एकत्र हलतं, एकमेकांवर घासत नाही. रायकोट याच कामासाठी तयार चिकट पट्ट्या आणि वरची आवरणं बनवते, पण शिकायला टेप पुरते. सेलोटेप नको, ती स्वतःच कडकड वाजते. सुती कापड शांत असतं. नायलॉन, पॉलिएस्टर, कडक इस्त्रीचं किंवा खळ घातलेलं कापड बोलकं असतं. समोरच्याला आदल्या दिवशी एवढं सांगितलं तरी बरीच टेप वाचते.

माइक उलटा, म्हणजे तोंड खाली करून लावला तर चालतो का, असं विचारलं जातं. सर्व दिशांनी ऐकणारा माइक असेल तर चालतो, आणि 'प', 'भ', 'फ' चे श्वासाचे फटकारे आणि नाकातून खाली येणारा वारा त्यानं कमीच होतो. एका दिशेचा, म्हणजे कार्डिऑइड माइक मात्र उलटा लावू नका. एकूणच व्हिडिओसाठी कार्डिऑइड कॉलर माइकच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. तो मंचावर, स्पीकर किंचाळण्याची भीती असते तिथं कामाचा. व्हिडिओत माणूस मान वळवतो आणि आवाज बाजूला सरकतो, शिवाय वारा आणि धक्के तो जास्त पकडतो.

उघड्यावर वाऱ्याची घरघर येत असेल तर काळी स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी लागते. आणि ती जादा घेऊन ठेवा, कारण हरवण्याचा पहिला मान तिचाच.

मागं सतत सूंऽऽ

बोलणं थांबलं की हळूहळू सूंऽऽ वर येतं आणि बोलायला लागलं की खाली जातं? मग माइककडे बघूही नका. कॅमेऱ्याचं ऑटो गेन चालू आहे. शांतता पडली की ते घाबरून आवाज वाढवतं आणि स्वतःचाच आतला गोंगाट वर आणतं. ते बंद करा. त्यानंतर लेव्हल हातानं लावा. मोठ्यानं बोलल्यावर पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल, एवढी. वायरलेस संच कॅमेऱ्याला लावला असेल तर रिसीव्हरचा आवाज चढा ठेवा आणि कॅमेऱ्याचा गेन शक्य तितका खाली. कॅमेऱ्यातला प्रीॲम्प, म्हणजे माइकचा बारीक आवाज मोठा करणारा भाग, बहुधा या साखळीतला सगळ्यात गोंगाटी दुवा असतो, त्याला जेवढं कमी काम तेवढं बरं.

एवढं करूनही सूंऽऽ उरली तर मात्र माइकवर संशय घ्यायला हरकत नाही. कॉलर माइकची कॅप्सूल काही मिलिमीटरची, आणि लहान कॅप्सूलचा स्वतःचा गोंगाट जास्त हे तिच्या आकारातच आलं. व्यावसायिक कामात नाव असलेल्या डीपीए ४०६० या कॉलर माइकचा गोंगाट २३ डेसिबल-ए (कानाला जाणवेल तसे मोजलेले डेसिबल) आहे, तर रोड एनटी१-ए या स्टुडिओतल्या मोठ्या माइकचा ५. म्हणजे कॉलर माइकनं स्टुडिओची निःशब्द शांतता मिळेल ही अपेक्षाच चुकीची. पण ज्या माइकच्या माहितीत हा आकडा छापलेलाच नाही, तो घेताना मी दोनदा विचार करतो.

बॅटरीही बघा. बोयाच्या बीवाय-एम१ सारख्या माइकच्या वायरीवर एक छोटी डबी असते, तिच्यात एलआर४४ बटण-सेल आणि फोन किंवा कॅमेरा असं बटण. फोनला सेल लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो. बटण कॅमेऱ्यावरच राहिलं की सेल गुपचूप संपतो, आणि पुढच्या वेळी आवाज बारीक आणि मलूल येतो किंवा येतच नाही. माइक मेला म्हणून टाकून देण्याआधी सेल बदलून बघा.

सूंऽऽ ऐवजी जाड, एकसुरी गुंईं येत असेल तर लॅपटॉपचा किंवा फोनचा चार्जर काढा. गेली? मग ती विजेची होती. रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. आणि ट्र-ट्र-ट्र असा ठेका येत असेल तर खिशातला फोन वायरीजवळ बसलाय. तो विमान मोडवर टाका किंवा दूर ठेवा.

आवाज फाटतो

हसल्यावर किंवा जोरात बोलल्यावर फाटला, म्हणजे लेव्हल चढी होती. ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करणारी यंत्रं आता सहज मिळतात. रोड वायरलेस प्रो आणि डीजेआय माइक २ यांच्या ट्रान्समीटरमध्येच, म्हणजे बोलणाऱ्याच्या अंगावरच्या डबीतच, ती सोय आहे. तिच्यामुळे फाईलमध्ये चढलेली लेव्हल नंतर उतरवता येते. पण कॅप्सूलच ओरडण्यानं दमली असेल तर फाईल कितीही बिटांची असो, फाटलेलं फाटलेलंच. आणि ही फाईल ट्रान्समीटरमध्ये असते. कॅमेऱ्यात गेलेला आवाज नेहमीसारखाच फाटू शकतो.

मध्येच तुटतो

हे फक्त वायरलेसचं दुखणं. स्वस्त-मध्यम संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वाय-फाय आणि ब्लूटूथच्या गर्दीत. ही लहर १२.५ सेंटिमीटरची, आणि माणसाचं पाणीदार शरीर तिला चांगलंच अडवतं. ट्रान्समीटर कमरेला मागं, कॅमेरा पुढं, म्हणजे मध्ये अख्खा माणूस. तो पुढं आणा, किंवा माणूस पाठ फिरवणार असेल तर त्याच्या पाठीच्या दिशेला रिसीव्हर ठेवा. रिसीव्हर धातूच्या पिंजऱ्यात किंवा कॅमेऱ्याच्या मागं दडवू नका. ट्रान्समीटरच्या आत रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती कायम चालू ठेवा. तुटलेला तुकडा तिथून उचलता येतो.

इथं पुन्हा जुनीच गंमत. छातीवर लावायच्या चौकोनी ट्रान्समीटरला स्वतःचा माइक असतो आणि वेगळा कॉलर माइक लावायची खाचही. पिन अर्धवट बसली तर आतलाच माइक चालू राहू शकतो, आणि ट्रान्समीटर पँटच्या खिशात असेल तर दिवसभर खिशाचा आवाज रेकॉर्ड होतो. नख इथंही फिरवायचं.

एकाच कानात येतो

माइक एकाच चॅनलवर आलाय. एडिटिंगमध्ये क्लिप मोनो करा, झालं. पण त्याआधी रिसीव्हर सेफ्टी मोडवर नाही ना ते बघा. त्यात दुसऱ्या चॅनलवर तोच आवाज मुद्दाम खालच्या लेव्हलला ठेवलेला असतो. रोड वायरलेस गो २ मध्ये २० डेसिबल खाली. दोन्ही चॅनल मिसळू नका, एक निवडा.

मग घ्यायचा कोणता

आता हा प्रश्न विचारायला हरकत नाही, आणि उत्तर आवाजापासून सुरू होत नाही. आधी तो कशात खुपसणार ते. फोन असेल तर यूएसबी-सी. कॅमेरा असेल तर दोन रिंगांची पिन. मोठ्या तीन काड्यांच्या एक्सएलआर खाचेचा रेकॉर्डर किंवा मिक्सर असेल तर नुसती पिन बदलणारा जोड चालत नाही. तिथं ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे खाचेतूनच माइकला मिळणारी वीज, येते आणि कॉलर माइकला लागतात काही व्होल्टच. ती उतरवून देणारा जोड हवा, रोडचा व्हीएक्सएलआर प्लस हे त्याचं एक उदाहरण.

दुसरं, माणूस बसणार की फिरणार. एका जागी बसून बोलणाऱ्याला वायरलेस देण्याची हौस मला कळत नाही. वायरवाल्यात चार्ज करायची बॅटरी नाही, गर्दी नाही, तुटणं नाही. फिरणाऱ्याला वायरलेस द्या, किंवा कॉलर माइक त्याच्याच खिशातल्या छोट्या रेकॉर्डरला जोडा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या, आवाज-चित्र जुळवायला. नमुन्यांचा दर ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

तिसरं, वायर आणि क्लिप. माझ्या हातून गेलेले माइक कॅप्सूल बिघडून गेले नाहीत, पिनेच्या मुळाशी वायर तुटून गेले. वायर काढून बदलता येत असेल तर ते मोठं सुख. क्लिप आणि टोपी सुटी मिळते का तेही बघा.

खोक्यावर छापलेलं '२० ते २०,००० हर्ट्झ' वाचून भुलू नका, ते जवळपास सगळेच छापतात. नॉइज कॅन्सलेशनच्या बटणालाही नाही. रेकॉर्ड करतानाच ते लावलं तर शब्दांच्या कडा विरघळून पाण्याखालून बोलल्यासारखं होतं आणि परतीचा रस्ता राहत नाही. गोंगाट काढायचाच असेल तर नंतर, मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवून काढा.

त्या तीन माइकांपैकी पहिला मी अजून वापरतो. क्लिप बदलून झाली, टोपी तिसरी चालू आहे, आणि पिनेवर एससी४ टेपनं कायमचा चिकटवून टाकलाय.